मंडईच्या भोंग्यावरचं नाव

सौंदड, शुक्रवार, १२ डिसेंबर

प्रिय गजू,

तुझा निरोप वाचला. "आई, खुशबू शांत झाली ना आता? मी म्हटलंच होतं. नाटकांकडे लक्ष दिलं नाही की नाटकं आपोआप बंद पडतात." त्याखाली त्या समुपदेशक बाईंचा व्हिडिओ, या वर्षात तिसऱ्यांदा पाठवलेला. बाई बोलतात छान. मागे पांढरी भिंत, शेजारी कुंडी, आणि मूल लक्ष वेधायला काही करू लागलं तर आईबापांनी काय करावं याचं व्याख्यान. मी तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की बाई सुरुवातीलाच सांगतात, आधी मुलाला रोजचा भरपूर वेळ द्या, मगच हट्टाकडे काणाडोळा करा. तू त्यातलं शेवटचं तेवढं उचललंस. शाळेतही तू धडा असाच करायचास, शेवटच्या चार ओळी पाठ आणि बाकी रामभरोसे.

म्हणून आज सावकाश उत्तर देते आहे. फोनवर तुला मीटिंग असते, इथे ती सोय नाही. उत्तर लांब आहे, मध्येच उठून जाऊ नकोस. तुला चांगल्या ठाऊक असलेल्या गोष्टीही मी पहिल्यापासून सांगणार आहे. तुझ्याबद्दल वाईट लिहिणार आहे, आणि माझ्याबद्दलही. का, ते शेवटी कळेल.

एकतीस वर्षं मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. सडक अर्जुनीपासून नवेगाव बांधपर्यंत सगळी गावं एसटीने, सायकलने, शेवटी शेवटी खात्याच्या जीपने पालथी घातली. दर महिन्याच्या बैठकीत सेविकांना सांगायचे की मूल चावतं, ओरडतं, खोटं बोलतं, तेव्हा ते आपल्याला छळत नसतं, बोलावत असतं. "आणि बोलावणं आलं तर जायचं असतं, बायांनो." हे माझं ठरलेलं वाक्य. बाया हसायच्या आणि वहीत उतरवून घ्यायच्या. मी रिटायर झाले त्या दिवशी शाल देताना एका सेविकेने माझा आवाज काढून ते वाक्य म्हणून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या स्वतःच्या घरातून मात्र दोनदा बोलावणं आलं आणि मी दोन्ही वेळा गेले नाही. पहिलं तुझं होतं.

खरं तर मला ते सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. गोंदियाला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते मी, पाचवीत. रविवारी बाकीच्या मुलींचे आईवडील खाऊ घेऊन यायचे. माझे बाबा धानाच्या हंगामात चार-चार रविवार फिरकायचे नाहीत. मग मी सकाळच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडायला लागले. छान पडायचे, डोकं वाचवून, स्कर्ट सावरून. तिसऱ्या वेळी सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "गर्ल्स, टर्न अराउंड. नोबडी विल लुक." चारशे मुली भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मी फरशीवर पडून चारशे पाठी बघत राहिले. मग उठले, रांगेत उभी राहिले. पुन्हा कधी पडले नाही. सिस्टरना वाटलं असेल, मुलगी सुधारली. लोक म्हणतात चंद्रकांताबाईंची जीभ फार तिखट. ती त्या फरशीवर तयार झाली आहे.

आणि एवढं भोगून मी तुझ्याशी काय केलं? तू सात वर्षांचा होतास. तुझे बाबा भंडाऱ्याला नोकरीत, आठ दिवसांनी घरी यायचे. सोमवारी माझा दौरा, सकाळी सातची गाडी. आणि दर सोमवारी माझी एक चप्पल गायब व्हायची. कधी धानाच्या कोठीत सापडायची, कधी न्हाणीमागे, एकदा तर शेजारच्यांच्या गोठ्यात म्हशीखाली. गाडी चुकायची, साहेबांची बोलणी खावी लागायची. तुला मारलं, कोंडलं, काही उपयोग झाला नाही. मग मी डोकं चालवलं. चपलांचा दुसरा जोड शेजारी अनुसयाबाईंकडे ठेवून दिला. सोमवारी तुझ्याकडे न बघता अनवाणी निघायचे आणि त्यांच्या ओट्यावर चपला घालून गाडी पकडायचे. तिसऱ्या सोमवारी चप्पल जागेवर होती. ऑफिसात ही युक्ती मी फुशारकीने सांगितली. त्यानंतर तू मला कधीच थांबवलं नाहीस. तुला कांजिण्या आल्या ते मला अनुसयाबाईंनी सांगितलं. शाळेतून तुझा नंबर आला ते पेपरात वाचलं. मी जिंकले होते, नाटक बंद पडलं होतं. त्याबरोबर आणखी काय काय बंद पडतं ते मला पुढची तीस वर्षं दिसत राहिलं. तू माझ्याशी व्यवस्थित वागतोस, औषधं पाठवतोस, वाढदिवसाला केक येतो. पण माझ्याकडे काही मागत नाहीस. एकदाच मागितलंस, आणि ते खोटं मागितलंस. म्हणूनच मी द्यायला धावले.

आता खुशबू. तुझी मुलगी. हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून झाले, बरं वाटलं.

तुझी बायको रीता गेली तेव्हा खुशबू साडेतीन वर्षांची होती. पुण्यात डेंगीने आठ दिवसांत चांगली धडधाकट पोर गेली. तू खुशबूला कडेवर घेऊन इथे आलास आणि म्हणालास, "आई, थोडे दिवस." थोडे दिवस होता होता पाच वर्षं झाली. त्याची माझी तक्रार नाही, एकट्या बाईच्या घरात पोर म्हणजे चैन आहे. तू नागपूरला बदली करून घेतलीस. रोज संध्याकाळी व्हिडिओवर यायचास, ती तुला कामाला येणाऱ्या मंगलीची कोंबडी दाखवायची, पडलेला दात दाखवायची. महिन्यातून एकदा येऊन तिला सायकलवर पुढे बसवून तलावाच्या पाळीवरून फिरवायचास. त्या काळात तिने कधी एक नाटक केलं नाही. हे नीट ऐक. एकही नाही.

मग तुझ्या दुसऱ्या लग्नाचं चाललं. मूल आहे म्हटल्यावर दोन स्थळं परत गेली. तिसऱ्या वेळी, बालाघाटच्या पुष्पांजलीच्या वेळी, तू इथे येऊन माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, "आई, सध्या सांगू नको. लग्न होऊ दे, वर्षभरात मीच सांगतो." रीताचं सांगायचं, खुशबूचं नाही. मी रागावले, दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचे मामा, दवनीवाड्याचे उदेभानजी पटले, चौकशीला आले. अंगणात खुशबू चिंचोके खेळत बसली होती. त्यांनी विचारलं, "ही पोरगी कोणाची जी मॅडम?" मी चहाचा कप त्यांच्या हातात देता देता म्हटलं, "माझ्या चुलत नणंदेची नात. आईबाप नाहीत तिला, मी सांभाळते." तो भला माणूस कप खाली ठेवून माझ्या पाया पडायला उठला. म्हणाला, "तुमच्यासारखे मोठ्या मनाचे लोक राहिले नाही आता." गावात दुसऱ्या कोणाला त्यांनी विचारलंही नाही. मॅडमनी सांगितलं म्हणजे झालं. बाहेर चिंचोक्यांचा आवाज थांबला होता. मी ऐकलं, आणि त्यांना साखर हवी का विचारलं.

मे महिन्यात लग्न झालं. त्याआधी आठवडाभर खुशबूला शिकवणी होती. पप्पा म्हणायचं नाही, गजूकाका म्हणायचं. ठरवलं तू, पण सराव मी करून घेतला. ती चुकली की पुन्हा म्हणायला लावायचे, बरोबर म्हणाली की शाबासकी द्यायचे. पिवळा फ्रॉक आणला बक्षीस म्हणून. मुलांना चांगल्या सवयी कशा लावाव्यात यावर मी खात्याकडून प्रमाणपत्र मिळवलेली बाई आहे.

लग्नानंतर रोजचा फोन गेला, रविवारी अकरा वाजता दहा मिनिटं आली. आणि रविवारी पावणेअकराला खुशबूचं पोट दुखायला लागलं. पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडायची आणि एक डोळा फोनवर. मी तुला सांगायचे, तिचं पोट दुखतंय, आणि तिचे कान असे उभे राहायचे की आत्ता तू म्हणशील, दे तिला. तू म्हणायचास, "राहू दे मग, आराम करू दे." सव्वाअकराला पोट बरं. मी म्हणायचे, बघा सोंग. जुलैत शाळेतून वच्छलाबाईंचा फोन आला. "मॅडम, रागावू नका, पण खुशबू म्हणून राहिली का आजी दोन दिवसांपासून जेवायला नाही देऊन राहिली." जिने तीन तालुक्यांत पोषण आहार वाटला तिची नात उपाशी. संतापाने मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कुठून शिकले होते ते तुला आता कळलं असेल. नंतर लक्षात आलं की त्या आठवड्यात तू येणार होतास आणि आला नव्हतास. पोळ्याला तू खरंच येणार होतास, तर आदल्या दिवशी तिने कात्रीने स्वतःची एक वेणी कापली. एकच, डावी. तू आलास, म्हणालास, "हा काय अवतार केला?" आणि मिनिटभर तिच्याकडे बघत राहिलास. त्या अख्ख्या दिवसात तू तिच्याकडे बघितलंस ते तेवढंच. तिला मिनिटाला एक वेणी हा भाव परवडला असता, गजू, पण वेण्या दोनच होत्या.

मंगली हे सगळं बघत होती. ती आपल्याकडे कामाला येते ती जंगलाकडच्या पाड्यावरून, शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नाही. मी खुशबूशी बोलणं बंद ठेवलं होतं, तुझ्या व्हिडिओप्रमाणे. मंगली भांडी घासता घासता म्हणाली, "काऊन वो बाई, कुत्रं भुकलं तं आपण उठून पाहतो ना, कोण आलं म्हणून. पोरगी भुकून राहिली तं तुम्ही दार लावून राहिल्या." मी म्हटलं, तू तुझं काम कर. तिने काम केलं. रविवारी साडेदहाला, पोट दुखायच्या आधी, खुशबूला हाक मारून सुपासमोर बसवलं आणि तिच्याकडून तांदूळ निवडून घेतले, तिची सगळी बडबड ऐकली, मधे मधे "मंग?" म्हणत राहिली. त्या रविवारी पोट दुखलं नाही. माझ्या एकतीस वर्षांच्या बैठका एका बाजूला आणि मंगलीचं "मंग?" एका बाजूला. पण मंगली काही तिचा बाप नव्हती. तिला जो हवा होता तो एकच माणूस होता आणि त्याला काका म्हणायची तिच्यावर सक्ती होती.

आता मंडईचं सांगते. आपल्याकडे दिवाळी झाली की गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, पाहुण्यांना बोलावणी जातात, नवं जोडपं गावात मिरवलं जातं. दवनीवाड्याच्या मंडईला उदेभानजींनी तुला, पुष्पांजलीला आणि मला बोलावलं. फोनवर म्हणाले, "त्या लेकरालेही आणा मॅडम." पुष्पांजली दोन दिवस आधीच मामाकडे गेली होती. गाडीत तू मागे वळून खुशबूला म्हणालास, "काय म्हणायचं, लक्षात आहे ना?" तिने मान हलवली. रस्ताभर ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होती. मला वाटलं, काका, काका.

दुपारचे चार वाजले असतील. चौकात दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगात आला होता, शिंगाड्यांच्या ढिगांपुढे गर्दी होती. तू उसाच्या दुकानाशी उभा होतास, बाजूला तुझी बायको, सासू, उदेभानजी. मी बांगड्या बघायला थांबले आणि खुशबूचा हात सुटला. मी मनात म्हटलं, झालं हिचं सुरू. आणि तेवढ्यात भोंगा वाजला. "लक्ष द्या, लक्ष द्या. एक मुलगी आपल्या पप्पांपासून चुकलेली आहे. वय आठ वर्षं, पिवळा फ्रॉक, एका बाजूचे केस आखूड. नाव खुशबू गजेंद्र रहांगडाले, मुक्काम सौंदड. गजेंद्रजी रहांगडाले जिथे कुठे असतील त्यांनी ताबडतोब मंचाजवळ यावं. पोरगी रडून नाही राहिली, पण वाट पाहून राहिली आहे." अख्ख्या मंडईत, चारी भोंग्यांवरून. ती चुकली नव्हती. ती सरळ चालत मंचावर गेली होती, आणि तिथल्या माइकवाल्याने, दुधराम त्याचं नाव, तिला तेच विचारलं जे हरवलेल्या पोराला विचारतात. तुझ्या वडिलांचं नाव काय? सहा महिन्यांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. गाडीत ती तेच घोकत होती, संपूर्ण नाव, पत्त्यासकट.

मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "दामादजी, आपका ही नाम ले रहे हैं." तू हसलास. म्हणालास, "रहांगडाले क्या कम हैं इधर? दुसरा कोणी असेल." उसाचं कांडं सोलत राहिलास. पाच वेळा पुकारा झाला. पाच वेळा माझ्या मुलाने स्वतःचं नाव ऐकलं आणि मान वळवली नाही. शेवटी मी मंचाकडे गेले. दुधरामच्या हातात माइक चालूच होता. त्याने विचारलं, "आपण कोण पोरीच्या?" चारी भोंग्यांवरून प्रश्न गेला. मागे उदेभानजी ऐकत होते. माझ्या तोंडून निघालं, "ओळखीची आहे." माझ्या मांडीवर झोपणारी पोर, आणि मी म्हटलं ओळखीची आहे. दुधरामने तिला विचारलं, "बेटा, ओळखतेस का या आजीले?" खुशबूने माझ्याकडे नीट बघितलं, घाई न करता, आणि म्हणाली, "नाही." तेही भोंग्यावरून गेलं.

दुधराम मला पोर देईना. "माफ करा मॅडम, जमाना खराब आहे. बापाच्याच हाती देतो." बरोबर होतं त्याचं, त्या मंचावर तेवढा एक माणूस सरळ वागत होता. मग तू आलास, कपाळ पुसत, एकटा. माइक बाजूला करून खालच्या आवाजात म्हणालास, "मी काका आहे तिचा." तो म्हणाला, "पण पोरगी तं पप्पा म्हणून राहिली जी." तू म्हणालास, "लहान आहे, तिला तशी सवय आहे." दुधरामने खुशबूकडे बघितलं. ती तुझ्याकडे बघत होती. तू डोळे मिचकावलेस, तुमच्यात काही गंमत असल्यासारखे. ती म्हणाली, "हो. काका आहे." आणि मंचाच्या पायऱ्या उतरून आमच्या पुढे चालू लागली. सासरच्यांना तू हसत सांगितलंस, बिनआईबापाचं लेकरू आहे, कोणालाही पप्पा म्हणतं. परतीच्या गाडीत तू मला सांगितलंस की हिला आता हॉस्टेलला टाकावं लागेल, हिची नाटकं हाताबाहेर गेली.

त्या दिवसापासून तिने एकही नाटक केलेलं नाही. पोट दुखत नाही. शाळेतून फोन नाही. वाढलेलं सगळं खाते, ताट धुऊन ठेवते. रविवारी अकराला फोन वाजला की स्वतः येते, "नमस्ते काका, मी बरी आहे, अभ्यास करते," म्हणते आणि जाते. मंगलीने सूप पुढे ठेवलं तर तांदूळ निवडते, बोलत नाही. तू लिहितोस, शांत झाली. मला ही शांतता ओळखता येते. एकदा मी ती फरशीवरून उठताना ऐकली होती, एकदा सोमवारी सकाळी दारात चपलांचा अख्खा जोड बघून. दोन्ही वेळा लोकांनी तिला सुधारणा म्हटलं. ही पोर अजून आठ वर्षांची आहे. आणखी तीस वर्षांनी ती तुला केक पाठवेल.

तरीही मी गप्प बसले असते. एवढं सगळं घडून मी गप्प बसले असते, कारण मी तुझी आई आहे आणि आयांना गप्प बसायला कारणं सापडतात. पण गेल्या सोमवारी कुरिअर आलं. निवासी शाळेचा अर्ज, तू भरलेला, माझी सही तेवढी हवी. पालक म्हणून माझं नाव, नातं 'सांभाळ करणारी'. आईच्या रकान्यात, हयात नाही. ते खरं आहे. वडिलांच्या रकान्यातही तेच, तुझ्या सुंदर अक्षरात. अनाथ मुलीला जागा लवकर मिळते म्हणे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गजू, तुला जन्म देताना मी एकोणीस तास कळा दिल्या आहेत. तू हयात आहेस की नाही हे कोणत्याही शाळेला सांगण्याचा अधिकार पहिल्यांदा माझा आहे. आणि मी तो सगळ्यांसमोर वापरणार आहे. तुझ्यावर सूड घ्यायचा आहे मला, सरळ शब्दांत सांगते. चारशे मुली पाठ करून उभ्या होत्या त्याचाही, त्या मंचावर मी स्वतः काय बोलले त्याचाही. माझ्या वाट्याचा मी भोगेन. तुझ्या वाट्याचा तुला चुकवू देणार नाही.

मी विचार करत होते की सुरुवात कुठून करावी, तर मंगळवारी पुष्पांजली आली. नागपूरहून गोंदियाला आणि तिथून पॅसेंजरने, एकटी, तुला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून. पाणी प्यायली, आणि म्हणाली, "आई, एक विचारू? राग नका येऊ देऊ. माणसाच्या नावाचा पुकारा झाला तं तो वळून पाहते. दुसऱ्याचं नाव असलं तरी पाहते. हे पाच वेळात एकदाही वळले नाही. आपलंच नाव आहे हे पक्कं माहीत असलेला माणूसच असा दगडासारखा उभा राहते." मी बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "मी सात वर्षं दवनीवाड्याला मामाकडे शिकली. बालाघाटहून बाबूजी भेटायला येत नव्हते तं मी मामाच्या शेतातला पंप बंद करून ठेवायची. मले ही पोरगी लग्नातच ओळखू आली होती, फक्त कोणाची ते समजत नव्हतं." मग मी सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट. ती रडली नाही. मागच्या अंगणात जाऊन मंगली आणि खुशबूबरोबर तुरीच्या शेंगा सोलायला बसली. खुशबू तिच्यापासून दोन हात लांब सरकली, आणि पुष्पांजली तिच्यामागे सरकली नाही. तासाभराने आत येऊन मला म्हणाली, "आई, हे सगळं लिहून द्या. पहिल्यापासून, सोपं, कोणालाही समजेल असं. तोंडाचं बोलणं हे फिरवून टाकतील. तुम्हीही फिरवलं होतं."

म्हणून लिहिलं. आणि म्हणूनच तुला ठाऊक असलेलं सगळं पुन्हा लिहिलं, कारण हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी तू ते वाचत नाहीस, ऐकतो आहेस. मी लिहिते आहे शुक्रवारी, पण तू ऐकतो आहेस तो दिवस रविवार आहे, पुष्पांजलीने तुला मामांकडे जेवणाचं बोलावणं आहे म्हणून आणलं, आणि दवनीवाड्याच्या ओसरीत तिच्या आईवडिलांसमोर उदेभानजी हे मोठ्याने वाचत आहेत. उदेभानजी, चहाचा प्रसंग तुम्हालाच वाचावा लागला, त्याबद्दल मी तुमच्यासमोर हात जोडते. मी इथेच, तुमच्या उजव्या हाताला बसले आहे. खुशबूला आणलेलं नाही, ती मंगलीकडे आहे. गजू, पुष्पांजलीने तुझ्याबरोबर राहायचं की नाही हे ती नंतर ठरवेल, त्यात मी बोलणार नाही. मी घरी परत जाऊन खुशबूला काय सांगायचं, तेवढं मला आज इथून न्यायचं आहे. मी सगळ्यांना विनंती केली आहे की माझी सही वाचून झाली की कोणी तुला रागावू नये, समजावू नये, पाणीसुद्धा विचारू नये. सगळे फक्त तुझ्याकडे बघतील, लागेल तितका वेळ. ती तुझी कोण आहे ते सांग. मोठ्याने सांग.

तुझीच,
आई